विलायती हत्ती

कानडीत कापसाला हत्ती म्हणतात.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.
सहा वर्षांची मी, बैलहोंगलच्या पेठेत
बाबांच्या तराजूची साखळी धरून उभी,
आणि गाडीवरून सिद्रामण्णांची हाळी,
'भरमू, विलायती हत्ती बंतु!'

हत्ती आला म्हणतायत, एवढं कळलं.
मी वळणाकडे बघत राहिले,
आधी सोंड दिसेल का कान.
उतरली ती अंडगी,
फुगलेली, शिवणीतून पांढरं डोकावणारी.
बाबा एवढे हसले की काटा हलला,
वजन पुन्हा धरावं लागलं.

रात्री म्हणाले, आपला तो जवारी,
आखूड धाग्याचा, चिवट.
हा परका. याचं बी जहाजातून आलं
अमेरिकेतल्या कुठल्या नदीकाठावरून.
कुठली नदी?
'मोठी असणार,' बाबा म्हणाले. 'मलप्रभेपेक्षा.'

चौतीस वर्षं बेळगावात इतिहास शिकवला मी,
त्यात ही नदी नव्हती.
निवृत्तीनंतर शोधली.
मिसिसिपी. काठावर रॉडनी नावाचं बंदर,
तिथलं बी एके काळी नावाजलेलं.
आमच्याकडं आलं ते तिथलंच, असा कागद नाही माझ्याजवळ.
मी धरून चालते.

अठराशे त्रेसष्ट. तिकडं यादवी.
नदीत उत्तरेची युद्धनौका,
आणि रविवार म्हणून तिच्यावरचे खलाशी
दक्षिणेच्या गावात, दक्षिणेच्या चर्चमध्ये
प्रार्थनेला येऊन बसले.
मला अजून हे नीट समजत नाही.
शत्रूच्या बाकावर, टोपी मांडीवर घेऊन.
मग दारात दक्षिणेचे घोडेस्वार,
बाकांखाली माणसं,
आणि नौकेवरून तोफा, थेट देवळावर.
भिंतीत वरच्या खिडकीपाशी गोळा आहे अजून,
कपाळावर कुंकू असावं तसा.
काहीजण म्हणतात, तो नंतर बसवलेला.

त्या साली आमच्याकडं कापसाला
कधी नव्हता असा भाव.
पणजोबांच्या वहीतल्या मोडीवरून बोट फिरवते मी:
'तिकडे भाऊ भाऊ भांडतात.
देव करो, आणखी एक हंगाम भांडोत.'
पुढं शाई फिसकटलेली. सांडली, का कुणी पुसली.

वजन, दर, अडत, हमाली, धर्मादाय.
धर्मादायलासुद्धा रकाना आहे.
तिकडं ज्यांच्या बोटांनी बोंडं वेचली,
ज्यांना बोटांसकट विकत घेतलं होतं,
त्यांच्यासाठी नाही.
मी मागची कोरी पानंही उलटून बघितली.

लढाई संपली, भाव पडला.
मग नदी सरकली.
मधे वाळूचा पट्टा आला, पाणी दूर पलीकडं गेलं,
आणि रॉडनी उरली, धक्का आहे, बोट नाही.
आता चार घरं, रान, आणि ते चर्च.

इथवर वाचलं तोवर दूध उतू गेलेलं.
शेगडी पुसता पुसता छप्पन साल आठवलं,
म्हणजे मला नाही, बाबांच्या तोंडून.
रात्री मुंबई राज्यात झोपले,
सकाळी म्हैसूर राज्यात तराजू लावला.
साखळी तीच, सिद्रामण्णा तेच,
पहिली अंडगीसुद्धा कालचीच, तोलायची राहिलेली.
'गाव कुठं जातंय,' ते म्हणायचे.
आणि थोड्या वेळानं, 'पण काहीतरी गेलं बघ.'

परवा सिद्रामण्णांचा नातू आला, शिवलिंग.
बेळगावात वाढलेला, मराठी माझ्याहून खणखणीत.
टेबलावर नकाशे, वही, भिंग.
'मावशी, कशावर लिहूलालैस एवढं?'

हत्तीवर, म्हटलं.

तो क्षणभर थांबला. मग डोळे बारीक करून,
'तुमचा का आमचा?'

विलायती, मी म्हटलं,
आणि त्याच्यासाठी चहा टाकला.